दाखवलं खरेदीखत, सही लिव्ह अँड लायसन्सवर

माझी मावशी दादरला राहते. पुस्तक वाचून झालं की आतल्या पानावर तारीख घालायची आणि ते पुढच्या घरी रवाना करायचं, हा तिचा जुना शिरस्ता. आमच्या घरातली निम्मी पुस्तकं तिच्याकडून आलेली आहेत आणि उरलेली निम्मी तिला परत द्यायची राहिलेली आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षर मोठं करता येतं म्हणून ती ई-पुस्तकांकडे वळली. पहिली मराठी कादंबरी चार दिवसांत संपवली आणि मला फोन केला, "झालं वाचून. आता तुझ्याकडे कसं पाठवू?"

पाठवता येत नाही, असं सांगितलं. तिला वाटलं, मला जमत नाहीये.

"अरे, पैसे मोजलेत मी. फुकटात नाही आणलेलं."

मावशीचं म्हणणं भाबडं वाटेल, पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने याच मुद्द्यावर कायदा केला. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल पुस्तक, सिनेमा किंवा गेम विकताना तिथे आता 'विकत घ्या' असं बटण सरसकट लावता येत नाही. गिऱ्हाइकाला मिळतोय तो वापराचा परवाना आहे, हे आधी स्वच्छ शब्दांत सांगावं लागतं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २६ फेब्रुवारीला, ॲमेझॉनने किंडल या आपल्या वाचनयंत्राची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालायची सोय बंद केली. पुस्तकं कुणाची गेली नाहीत. पण घेतलेली प्रत आपल्या संगणकात ठेवण्याची जी एक मागची खिडकी होती, तिला फळ्या ठोकल्या गेल्या. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळू लागली, त्यामुळे ही खिडकी मराठी वाचकाच्याही घराची होती.

कपाट आपल्या घरात, किल्ली दुकानात

या सगळ्याच्या मुळाशी जे तंत्र आहे त्याचं नाव डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. मराठीत 'डिजिटल हक्कांचं व्यवस्थापन'. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले लोक यातल्या 'राइट्स'च्या जागी 'रिस्ट्रिक्शन्स' घालतात आणि त्याला निर्बंधांचं व्यवस्थापन म्हणतात. आपण या वादात न पडता यापुढे सरळ 'कुलूप' म्हणू.

तुम्ही ई-पुस्तक घेता तेव्हा यंत्रात येणारी फाइल वाचण्याजोगी नसते. अक्षरं गणिती रीतीने कालवून टाकलेली असतात. ती पुन्हा सुटी करायला एक किल्ली लागते, म्हणजे एक लांबलचक आकडा. हा आकडा दुकानाचा सर्व्हर तुमच्या खात्याशी आणि तुमच्या यंत्राशी बांधून देतो. त्या दुकानाचं ॲप ती किल्ली वापरून पान उघडतं, पण किल्ली तुमच्या हातात देत नाही. कपाट तुमच्या घरात, आतला माल तुमच्या पैशाचा, आणि दर वेळी उघडायला दुकानाचा माणूस.

यात एक गंमत आहे. एरवी गुप्त लिपी तिसऱ्यासाठी असते. मी तुम्हाला चिठ्ठी लिहितो, मधल्या निरोप्याला ती वाचता येऊ नये. इथे तिसरा कुणी नाहीच. ज्याला वाचू द्यायचं आणि ज्याच्यापासून लपवायचं, तो माणूस एकच आहे: गिऱ्हाईक. म्हणून किल्ली गिऱ्हाइकाच्याच यंत्रात, पण गिऱ्हाइकापासून लपवून ठेवावी लागते. म्हणजे तुमचं यंत्र तुमचं ऐकेनासं झालं तरच हे कुलूप टिकतं.

याचा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. मोबाइलवर सिनेमा बघताना एखाद्या दृश्याचा स्क्रीनशॉट काढला आणि हाती काळं चित्र आलं, तो यंत्राचा बिघाड नव्हता. गुगलच्या वाइडवाइन या कुलपाचे स्तर असतात. वरच्या स्तरात किल्लीचं काम चिपच्या बंदिस्त भागात होतं, खालच्या स्तरात साध्या सॉफ्टवेअरमध्ये. स्वस्त फोनवर खालचाच स्तर असेल, तर स्क्रीन फुल एचडी असूनही काही सेवा चित्र मुद्दाम धूसर पाठवतात. पैसे वरच्या प्लॅनचे भरले असले तरी. तसंच केबलचं. लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यामध्ये एचडीसीपी नावाचं वेगळं कुलूप असतं. जुन्या प्रोजेक्टरला ते कळत नाही, म्हणून पडदा कोरा राहतो आणि आपण केबल काढून पुसून पुन्हा लावत बसतो. या एचडीसीपीची मूळ किल्ली २०१० मध्येच इंटरनेटवर फुटली. ज्याला नक्कल करायची आहे त्याची सोय तेव्हाच झाली. प्रोजेक्टरवाले अजून केबल पुसताहेत.

'विकत घ्या' दाबलं, तेव्हा काय घेतलं?

मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्या माणसाला 'लिव्ह अँड लायसन्स' समजावून सांगायला नको. घरमालक भाडेपट्टा करत नाही, अकरा महिन्यांचं लायसन्स देतो. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. जागेत तुमचा हक्क काहीच तयार होत नाही, पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि परवानगी संपली की सामान उचलायचं.

ई-पुस्तकाच्या अटींमध्ये येणारा 'लायसन्स' हा शब्द त्याच घराण्यातला आहे. फरक इतकाच की घरमालक दारावर 'विकणे आहे' अशी पाटी लावून आत लायसन्सचा कागद पुढे करत नाही. डिजिटल दुकान नेमकं तेच करतं. बटणावर खरेदीखताची भाषा, 'मला मान्य आहे' या चौकटीमागे लायसन्सची. पागडीचा भाडेकरू यापेक्षा बरा म्हणायचा. त्याची पावती निदान बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर होऊ शकते. डिजिटल खातं बहुतेक दुकानांच्या अटींप्रमाणे कुणाच्याच नावावर होत नाही.

छापील पुस्तकाचं काय? आपल्या कॉपीराइट कायद्याच्या १४ व्या कलमात लेखकाला प्रती बाजारात आणायचा हक्क दिलाय, पण 'आधीच वितरणात असलेल्या प्रती' त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे प्रत एकदा विकली गेली की त्या प्रतीवरचा लेखक-प्रकाशकाचा वितरणाचा हक्क संपला. अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा धंदा, रद्दीवाल्याकडून मिळालेला दिवाळी अंक, महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये घराघरांत मांडलेली पुस्तकं, आणि अर्थात मावशी, हे सगळे या चार शब्दांवर उभे आहेत. कायद्याने त्यांना वेगळी परवानगी दिलेली नाही. परवानगी मागायची गरजच ठेवलेली नाही.

डिजिटल प्रतीला हाच नियम लावावा का, यावर जगभर न्यायालयांत भांडणं झाली. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये वापरलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकायला हरकत नाही असं सांगितलं, आणि २०१९ मध्ये ई-पुस्तकांच्या बाबतीत बरोबर उलटं. अमेरिकेत २०१८ मध्ये जुनी डिजिटल गाणी विकणाऱ्या एका कंपनीचा धंदा अपील न्यायालयाने बेकायदा ठरवला. कारण असं, की फाइल इकडून तिकडे देताना नवी प्रत तयार होतेच.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच दाराने न्यायालयात आला: करांच्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डिस्कवर भरून तयार विकलं जाणारं सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. मार्च २०२१ च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की करारावर 'लायसन्स' लिहिलंय म्हणून भागत नाही, व्यवहाराचं खरं स्वरूप काय ते बघायचं. दोन्ही निकाल करवसुलीचे आहेत. त्यांच्या आधारे मावशीला ई-पुस्तक मला देता येईल असं नाही. पण शासनाला कर घेताना जी गोष्ट 'विक्री' वाटते, ती गिऱ्हाइकाने हक्क मागितला की 'परवाना' कशी होते, हे विचारायला ते उपयोगी पडतात.

आणि परवाना काढून घेतात तेव्हा काय होतं, याची उदाहरणं आहेत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेली दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली. ज्याने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत केले. पण पुस्तकविक्रेत्याने रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेलं आणि टेबलावर नोटा ठेवल्या, तर आपण त्याला व्यवहार म्हणणार नाही. त्यातलं एक पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं, ज्यात सरकार गैरसोयीचे कागद एका भोकात टाकून नष्ट करतं. असा योगायोग कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने काढून टाकला असता. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेली टिपणं निकामी झाली म्हणून दावा लावला आणि तो दीड लाख डॉलर्सवर मिटला.

मायक्रोसॉफ्टने तर २०१९ मध्ये पुस्तकांचं दुकानच बंद केलं. किल्ल्या देणारा सर्व्हर बंद, म्हणून त्या वर्षीच्या जुलैपासून विकलेली पुस्तकं उघडेनात. पैसे पूर्ण परत मिळाले. पुस्तकं नाहीत.

कुलपाला कायद्याचं बळ कसं मिळालं

आता मुख्य भाग. कुलूप हे तंत्र आहे आणि तंत्र कुणीतरी तोडतंच. डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्ये तुटलं, आणि त्यासाठी खटला भरला गेला तो नॉर्वेतल्या एका किशोरवयीन मुलावर. आपण विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या संगणकावर बघणं हा गुन्हा नाही, असं म्हणून तिथल्या न्यायालयांनी त्याला सोडलं. कंपन्यांना हे आधीच कळत होतं की नुसत्या कुलपाने भागणार नाही. म्हणून त्यांनी मागणी केली की कुलूप तोडणं हाच स्वतंत्र गुन्हा करा. १९९६ च्या जागतिक कॉपीराइट करारात तसं कलम आलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेने त्यावर डीएमसीए हा कडक कायदा केला.

त्याचा कडकपणा कशात आहे ते बघा. समजा, तुमच्या स्वतःच्या घराची किल्ली हरवली आणि तुम्ही कुलूप फोडलंत. चोरी झाली का? नाही. पण कुलूप फोडलं ना, मग गुन्हा. डीएमसीएचं तर्कशास्त्र असं आहे. त्यातून सुटका म्हणून दर तीन वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख सवलतींची यादी जाहीर करतात. २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या यादीत हॉटेलांमधल्या खाद्ययंत्रांच्या दुरुस्तीची सवलत आली. सारखं बंद पडणारं मॅकडॉनल्ड्सचं आइसक्रीम यंत्र दुरुस्त करायचं तर त्याच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडावं लागतं, आणि त्यासाठी कॉपीराइट कायद्याखाली परवानगी लागली. आइसक्रीमवर कॉपीराइट नाही, हे वेगळं सांगायला नको. त्यातही मेख अशी, की कुलूप उघडायची सवलत मिळाली, पण उघडायचं हत्यार बनवून विकायला बंदी कायमच आहे. तुम्हाला विहिरीतून पाणी काढायचा हक्क आहे. दोर विकणारा मात्र तुरुंगात जाईल.

भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम घातलं. त्या वेळी आपण त्या जागतिक करारात सामीलही नव्हतो (झालो २०१८ मध्ये), त्यामुळे अमेरिकेची नक्कल करायची सक्ती नव्हती, आणि ती केली नाही. ६५अ म्हणतं: कॉपीराइटचं रक्षण करणारं कुलूप जो कुणी *हक्कभंग करण्याच्या उद्देशाने* तोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळं वजन त्या 'उद्देशाने' या शब्दावर आहे. आपल्याकडे कुलूप फोडणं हा गुन्हा नाही, चोरीसाठी फोडणं हा आहे.

इतकंच नाही. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडायला हरकत नाही. सुरक्षा तपासणी, सांकेतिक लिपीचं संशोधन यांना सूट आहे. वापरणाऱ्यावर पाळत ठेवण्यासाठी बसवलेलं कुलूप तोडायलाही सूट आहे, आणि हे वाचून मला तरी आपल्या मसुदाकारांचं कौतुक वाटलं. मात्र तुमच्यासाठी दुसऱ्या कुणी कुलूप उघडून दिलं, तर त्याने तुमचं नाव, पत्ता आणि कशासाठी उघडलं याची पूर्ण नोंद ठेवायची. लॉजच्या रजिस्टरसारखी.

आता ५२ वं कलम याला जोडून वाचा. त्यात हक्कभंग न होणाऱ्या गोष्टींची लांब यादी आहे. खाजगी वापर, संशोधन, समीक्षा, अध्यापन. आधी खाजगी वापराची ही सवलत ठरावीक प्रकारच्या कृतींपुरती होती. २०१२ मध्ये सॉफ्टवेअर सोडून सगळ्या कृतींना ती लागू झाली, सिनेमा आणि ध्वनिमुद्रणं धरून. सॉफ्टवेअरची राखीव प्रत ठेवायलाही वेगळी मुभा आहे.

म्हणजे हक्क आहे. किल्ली मात्र नाही. ५२ व्या कलमाने वाचकाला जी मुभा दिली ती वापरता यावी म्हणून कंपनीने कुलूप उघडून द्यावं, अशी सक्ती आपल्या कायद्यात कुठेच नाही. युरोपच्या २००१ च्या निर्देशात असा प्रयत्न निदान कागदावर आहे. आपल्याकडे, ज्याला तांत्रिक खटाटोप येतो त्याने आपला हक्क बजावावा आणि बाकीच्यांनी कलम वाचून समाधान मानावं, अशी स्थिती आहे.

दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा खटला आठवत असेल. मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की अभ्यासक्रमासाठी उताऱ्यांच्या प्रती काढणं हे अध्यापनाच्या सवलतीत बसतं. झेरॉक्सचं यंत्र चालू शकलं, म्हणून तर खटला झाला. तीच पुस्तकं कुलूपबंद फाइली असत्या तर वाद न्यायाधीशापर्यंत पोचलाच नसता. कॉपी करायचं बटणच करडं दिसलं असतं.

ज्यांना पान दिसत नाही त्यांचं काय?

फेब्रुवारी २००९ मध्ये नवं किंडल आलं, ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं. अंध वाचकाला याहून मोठी गोष्ट कुठली? अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली: मोठ्याने वाचणं म्हणजे ऑडिओबुक, त्याचे हक्क वेगळे. ॲमेझॉनने मग कुठल्या पुस्तकासाठी आवाज बंद ठेवायचा हे प्रकाशकांच्या हाती दिलं. कुठल्याही न्यायालयाने तसं सांगितलं नव्हतं. कुलपात एक खूण बदलली आणि पुस्तक मुकं झालं.

याबाबतीत भारताचं नाव मात्र अभिमानाने घ्यावं असं आहे. २०१२ च्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी कुठलीही कृती वाचण्याजोग्या स्वरूपात आणायला मोकळीक दिली. अंध वाचकांसाठीच्या माराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा भारत जगातला पहिला देश ठरला, २०१४ मध्ये. पण पुन्हा तेच. छापील पुस्तक स्कॅन करून ध्वनिपुस्तक करायला त्रास पडतो, तरी जमतं. आधीच अक्षररूपात असलेली, म्हणजे खरं तर सगळ्यात सोपी असायला हवी ती ई-प्रत, कुलपामुळे सगळ्यात अवघड होऊन बसते.

पुस्तकावरून कार्ट्रिजवर, कार्ट्रिजवरून ट्रॅक्टरवर

पुस्तक-सिनेमात मन न रमणाऱ्या वाचकालाही हा विषय सोडत नाही. आता प्रत्येक वस्तूत चिप आहे, चिपमध्ये सॉफ्टवेअर आहे आणि सॉफ्टवेअरवर कॉपीराइट आहे. म्हणून कुलूप कुठेही बसतं.

प्रिंटर घ्या. कार्ट्रिजवर चिप, चिप आणि प्रिंटर यांच्यात खुणेची देवाणघेवाण. रिफिल केलेलं किंवा दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज घातलं की खूण जुळत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी, कालपर्यंत चालणारी बाहेरची कार्ट्रिजं एका सकाळी नाकारली. शाई होती, यंत्र धड होतं. लेक्समार्क या कंपनीने तर अशी चिप बनवणाऱ्यावर डीएमसीएखाली दावाच लावला होता, पण २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. शाईच्या डबीचा धंदा राखायला कॉपीराइट कायदा केलेला नाही, असा त्याचा मथितार्थ.

फोनच्या सुट्या भागांना मुख्य बोर्डाशी बांधून ठेवायची रीतही आलीय. लॅमिंग्टन रोडवर बसणाऱ्या कारागिराने दुसऱ्या फोनचा अस्सल डिस्प्ले बसवला तरी फोन 'भाग ओळखता येत नाही' म्हणून कुरकुरतो. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये अशा जोडबंदीवर बंदी घालणारा कायदा केला. जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांचं भांडण याहून जुनं. नांगरणीच्या दिवसांत सेन्सर बिघडला, शेतकऱ्याने भाग बदलला, तरी कंपनीच्या माणसाने लॅपटॉप जोडून मान्यता दिल्याशिवाय यंत्र हलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याबद्दल कंपनीवर खटला भरला.

आपल्याकडे यावरचं सगळ्यात ठोस काम कॉपीराइटच्या नव्हे, स्पर्धा कायद्याच्या वाटेने झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. कंपन्यांनी बौद्धिक संपदेची ढाल पुढे केली होती. आयोगाने ती मानली नाही. पुढे अपिलं झाली ती झालीच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशा चार गटांसाठी. त्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती ठेवतात. माहिती ठेवणं आणि कुलूप उघडून देणं यांत अंतर आहे.

"पण कुलूप काढलं तर लेखकाने खायचं काय?"

हा आक्षेप खरा आहे आणि मराठीत तर जास्तच. पुस्तक येऊन महिना होत नाही तोच त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते. पण ती पीडीएफ उघडून बघा. बहुतेक वेळा पानं वाकडी आलेली असतात, कडेला कुणाचा तरी अंगठा असतो. ती छापील प्रतीवरून केलेली आहे. चोराची आणि कुलपाची गाठच पडलेली नाही; कुलूप आहे ते पैसे देणाऱ्याच्या प्रतीला. चोराकडे असलेली फाइल कुठल्याही यंत्रावर उघडते, कुणालाही देता येते, दुकान बंद पडलं तरी राहते. मावशीची नाही.

त्या चोराला शिक्षा करायला ६३ वं कलम आहेच: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. शिवाय कुलूप काढून पाहिलेले लोक आहेत. ॲपलने २००९ मध्ये आपल्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं काढायचं जाहीर केलं. टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने २०१२ मध्ये ई-पुस्तकं बिनकुलपाची केली आणि त्यांच्या ब्रिटिश शाखेने वर्षभराने सांगितलं की चोरीत डोळ्यांत भरण्याजोगी वाढ दिसली नाही. काही प्रकाशक कुलपाऐवजी फाइलमध्ये गिऱ्हाइकाचं नाव न दिसेलसं गुंफतात. फाइल बाजारात फिरली तर कुणाच्या हातून सुटली ते कळतं, आणि एरवी वाचकाला जाच होत नाही.

एक मान्य करायला हवं. दरमहा पैसे भरून सिनेमे-गाणी मिळतात तिथे कुलपाला अर्थ आहे. वाचनालयाची वर्गणी थांबवली की पुस्तक परत करायचं, त्यात फसवणूक कसली? भांडण आहे ते 'विकत घ्या' लिहून वर्गणीच्या अटी लावण्याशी.

"अटी तर तुम्हीच मान्य केल्यात!"

केल्या. वाचल्या कुणी? आणि वाचून नको म्हटलं तर त्यात बदल करून देणारा समोर आहे कोण? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना यासाठीच आणली: एका बाजूला सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायचा अधिकार देणारी अट त्यात बसू शकते. अडचण अशी की अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी राज्य आयोगात जाणारा ग्राहक मला भेटायला आवडेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी सरकारने काढली. वर्गणीचा सापळा, लपवलेले शुल्क वगैरे त्यात आहेत. परवान्याला 'विक्री' म्हणणं हे त्यात नावानिशी नाही.

"मग फोडू का कुलूप?"

घेतलेलं पुस्तक स्वतःच्याच दुसऱ्या यंत्रावर वाचण्यासाठी कुणी हे केलं, तर ६५अ मधला 'हक्कभंगाचा उद्देश' तिथे दिसत नाही. फोडलेली प्रत व्हॉट्सॲपच्या गटात टाकली की तो लगेच दिसतो. मात्र फौजदारी गुन्हा नाही म्हणजे दुकान गप्प बसेल असं नव्हे. अटी मोडल्या म्हणून ते खातं बंद करू शकतं, आणि मग बाकीची सगळी पुस्तकंही गेली. आणखी एक भीती दुसऱ्या बाजूने आहे. कुलूप फोडायची फुकट साधनं कुठूनही उतरवून घेऊ नका, त्यात काय भरलेलं असेल सांगता येत नाही. तसं तर कुलपातही काय भरलेलं असेल सांगता येत नाही: २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीड्यांनी संगणकात स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर गुपचूप बसवलं, त्या आडोशाने व्हायरसही शिरू लागले, आणि कंपनीला सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

घेण्याआधी बघता येतं ते एवढं: पुस्तक बिनकुलपाचं आहे का, म्हणजे साधी ईपब किंवा पीडीएफ फाइल हातात मिळते का. मिळत असेल तर ती दुसऱ्या डिस्कवरही ठेवा. मिळत नसेल तर आपण वर्गणी भरतोय असं समजून किंमत जास्त वाटते का ते ठरवा. विकलेली गोष्ट पैसे परत न देता काढून घेतली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मावशीला यातलं निम्मं सांगून झालं होतं तेव्हा तिने मला थांबवलं. "म्हणजे मी गेल्यावर ही पुस्तकं कुणाची?" अटींप्रमाणे कुणाचीच नाहीत, असं मी म्हटलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने त्या कादंबरीची छापील प्रत मागवायला सांगितली. आतल्या पानावर तारीख घालून ती परवा माझ्याकडे आली. अक्षर बारीक आहे.